डीअरफील्ड, मॅसेच्युसेट्स

डीअरफील्ड हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॅसेच्युसेट्स राज्याच्या फ्रँकलिन काउंटीमधील एक छोटे नगर आहे. कनेटिकट नदीच्या खोऱ्यात वसलेल्या या नगराची लोकसंख्या सुमारे पाच हजार आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज वसाहतकारांनी ते वसवले आणि पुढील काही दशके ते न्यू इंग्लंडमधील इंग्रज वस्तीचे वायव्य टोक होते. इ.स. १७०४ च्या फेब्रुवारीअखेरीस फ्रेंच सैनिक व त्यांच्या मूळनिवासी मित्रांनी या गावावर घातलेल्या छाप्यामुळे डीअरफील्डचे नाव अमेरिकेच्या वसाहतकालीन इतिहासात कायमचे नोंदले गेले. गावाचा मूळ भाग ‘ओल्ड डीअरफील्ड’ या नावाने ओळखला जातो. तेथील सुमारे दीड किलोमीटर लांबीचा मुख्य रस्ता व त्याच्या दोन्ही बाजूंची अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील घरे आजही बऱ्याच अंशी टिकून आहेत.

भूगोल

डीअरफील्ड नदी पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशातून वाहत येऊन कनेटिकट नदीला मिळते. या संगमाजवळची सपाट, गाळाची जमीन अतिशय सुपीक असून गावाचा जन्म आणि त्यावरून झालेले संघर्ष या दोहोंच्या मुळाशी हीच जमीन आहे. गावाच्या पूर्वेस पोकमटक डोंगररांग आहे. तिच्या दक्षिण टोकाचा तांबूस खडकांचा सुळका ‘माउंट शुगरलोफ’ म्हणून प्रसिद्ध आहे.

मूळनिवासींच्या परंपरेत या डोंगराचे नाव ‘वेक्वाम्प्स’ असे आहे. येथील एका विशाल तळ्यात पूर्वी एक अजस्र बीव्हर राहत असे. तो माणसांना त्रास देऊ लागल्याने होबोमॉक या दिव्य पुरुषाने त्याला ठार केले आणि त्याचे शरीर दगड होऊन ही डोंगररांग बनली, अशी कथा सांगितली जाते. शुगरलोफ हे त्या प्राण्याचे डोके मानले जाते. लांबून पाहिल्यास डोंगररांगेचा आकार खरोखरच पाण्यात पोहणाऱ्या प्राण्यासारखा दिसतो. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस या खोऱ्यात वितळलेल्या हिमनदीच्या पाण्याचे एक प्रचंड सरोवर होते, हे भूशास्त्राने पुढे दाखवून दिले. त्या सरोवराला ‘लेक हिचकॉक’ म्हणतात. ज्यांच्यावरून हे नाव दिले गेले ते भूशास्त्रज्ञ एडवर्ड हिचकॉक यांचा जन्म १७९३ मध्ये डीअरफील्डमध्येच झाला होता.

इतिहास

पोकमटक लोक

इंग्रज येण्यापूर्वी या खोऱ्यात पोकमटक जमातीची वस्ती होती. मका, भोपळा आणि घेवडा यांची शेती, नदीतील मासेमारी व शिकार यांवर त्यांचा निर्वाह चाले. ते किती मका पिकवत याची कल्पना १६३८ च्या एका घटनेवरून येते. त्या वर्षी कनेटिकट वसाहतीत अन्नाची टंचाई पडली असता पोकमटकांनी मक्याने भरलेल्या सुमारे ५० होड्या नदीवाटे खाली पाठवल्या होत्या. पुढे पन्नास वर्षांच्या आत ज्यांना त्यांच्या जमिनीवरून जावे लागले, त्यांच्याच मक्यावर त्या वर्षी इंग्रज वस्त्या तगल्या, ही गोष्ट जुन्या स्थानिक इतिहासलेखनात फारशी ठळकपणे आलेली नाही.

युरोपीय साथीच्या रोगांनी आणि बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारातून भडकलेल्या युद्धांनी पोकमटकांचे बळ घटले. १६६० च्या दशकाच्या मध्यास मोहॉक लोकांनी त्यांचा किल्ला उद्ध्वस्त केला. नेमक्या याच सुमारास बॉस्टनजवळच्या डेडहॅम गावाला येथील ८,००० एकर जमीन मंजूर झाली. धर्मप्रसारक जॉन एलियट यांच्या ख्रिस्ती मूळनिवासींच्या नॅटिक या गावासाठी डेडहॅमची काही जमीन गेली होती, तिचा हा मोबदला होता. एका ठिकाणच्या मूळनिवासींना जागा द्यायची म्हणून दुसऱ्या ठिकाणच्या मूळनिवासींची जागा वाटून टाकण्याचा हा प्रकार होता.

जमिनीची खरेदीखते स्प्रिंगफील्डचे व्यापारी जॉन पिंचन यांनी करून घेतली. १६६७ च्या खतात चाउक नावाच्या पोकमटक प्रमुखाने नद्यांमध्ये मासे मारण्याचा, हरणांची शिकार करण्याचा आणि अक्रोड-चेस्टनट गोळा करण्याचा आपल्या लोकांचा हक्क राखून ठेवला होता. माशालिस्क नावाच्या स्त्रीने आपल्या मुलाच्या कर्जापोटी जमीन लिहून दिली. जमिनीची कायमची विक्री व तिच्यावरून मूळ मालकाची पूर्ण हकालपट्टी ही कल्पना लिहून देणाऱ्यांच्या मनात होती की नाही, याबद्दल राखून ठेवलेल्या हक्कांचे हे कलम बरेच काही सांगून जाते.

वसाहत आणि मेटाकॉमचे युद्ध

पहिले इंग्रज कुटुंब १६६९ च्या सुमारास येथे आले व १६७३ मध्ये वस्तीला स्वतंत्र नगराचे हक्क मिळाले. दोनच वर्षांनी मेटाकॉमचे युद्ध सुरू झाले. इंग्रजांत हा मूळनिवासी नेता ‘किंग फिलिप’ या नावाने ओळखला जात असे. १८ सप्टेंबर १६७५ रोजी डीअरफील्डमधील धान्य गाड्यांतून दक्षिणेकडे नेत असताना कॅप्टन टॉमस लॅथ्रॉप यांच्या तुकडीवर एका ओढ्याच्या उताराजवळ अचानक हल्ला झाला. लॅथ्रॉप यांच्यासह साठहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत डीअरफील्डचे गाडीवान होते. एवढ्या छोट्या गावातील कर्त्या पुरुषांचा मोठा हिस्सा एका सकाळी नाहीसा झाला. त्या ओढ्याला तेव्हापासून ‘ब्लडी ब्रुक’ म्हणजे रक्ताचा ओढा म्हणतात. गाव ओस पडले.

पुढल्या वर्षी, १९ मे १६७६ रोजी, कॅप्टन विल्यम टर्नर यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांनी कनेटिकट नदीवरील पेस्किओमस्कट येथील धबधब्याजवळच्या मूळनिवासी छावणीवर पहाटे हल्ला केला. मृतांमध्ये स्त्रिया, मुले आणि वृद्ध मोठ्या संख्येने होते. माघार घेताना टर्नर स्वतः मारले गेले. आज ते ठिकाण ‘टर्नर्स फॉल्स’ या नावाने ओळखले जाते. युद्धानंतर पोकमटकांपैकी बरेच जण उत्तरेकडे व पश्चिमेकडे गेले आणि अबेनाकी व इतर समाजांत मिसळले. १६८० च्या दशकात इंग्रज कुटुंबे परतली. १६८६ मध्ये जॉन विल्यम्स हे तरुण धर्मोपदेशक गावात आले, तर १६९० मध्ये वस्तीच्या मध्यभागाभोवती लाकडी खांबांचा मेढेकोट उभारण्यात आला.

१७०४ चा छापा

युरोपातील स्पॅनिश वारसा युद्धाचे पडसाद उत्तर अमेरिकेतही उमटले. न्यू फ्रान्सचे गव्हर्नर व्होड्रय यांना इंग्रज वसाहतींचा विस्तार रोखायचा होता आणि अबेनाकींशी असलेली मैत्रीही टिकवायची होती. बॉस्टनच्या तुरुंगात असलेला बाप्तिस्त नावाचा फ्रेंच खासगी युद्धनौकांचा कप्तान सोडवण्यासाठी तोलामोलाचा कैदी हाती लागावा, हाही एक हेतू होता. धर्मोपदेशक विल्यम्स हे तसे कैदी ठरले. मात्र मोहिमेत सामील झालेल्या मूळनिवासींची कारणे निरनिराळी होती. अबेनाकी व पेनाकूक लोकांच्या दृष्टीने हा त्यांच्या जमिनीचा प्रश्न होता. मॉन्ट्रियलजवळच्या कानावाके येथील मोहॉक लोक आपल्या मृत आप्तांची जागा भरून काढण्यासाठी युद्धकैदी आणून त्यांना कुटुंबात दत्तक घेत. लोरेट येथील ह्यूरन लोकही सोबत होते.

जॉं-बाप्तिस्त एर्तेल द रूव्हिल यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २०० ते ३०० जणांची ही तुकडी बर्फावर चालण्याचे जोडे घालून कॅनडातून सुमारे ५०० किलोमीटर चालत आली. हल्ल्याची कुणकुण वसाहतीला आधीच लागलेली होती आणि गावात २० सैनिकांची जादा शिबंदीही ठेवली होती. परंतु वाऱ्याने मेढेकोटाला लागून बर्फाचे ढीग रचले होते, त्यांवर चढून हल्लेखोर आत उतरले. ही घटना २९ फेब्रुवारी १७०४ रोजी पहाटे घडली. इंग्रज वसाहतींमध्ये तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना चालू होती. फ्रेंचांच्या ग्रेगोरियन कालगणनेनुसार हाच दिवस ११ मार्च येतो, त्यामुळे ग्रंथांत दोन्ही तारखा आढळतात.

काही तासांत गावातील सुमारे ५० जण मारले गेले व ११२ जणांना कैद करण्यात आले. तेव्हा गावाची वस्ती शिबंदी धरून तीनशेच्या आत होती, म्हणजे निम्म्याहून अधिक गाव नाहीसे झाले. जॉन शेल्डन यांच्या घराचे दुहेरी फळ्यांचे, खिळ्यांनी मढवलेले दार कुऱ्हाडींनी फोडता आले नाही, तेव्हा त्याला पाडलेल्या भोकातून गोळी झाडली गेली आणि शेल्डन यांच्या पत्नीचा मृत्यू झाला. शेजारच्या बेनोनाय स्टेबिन्स यांच्या घरातील मूठभर माणसांनी मात्र शेवटपर्यंत घर लढवले; स्टेबिन्स स्वतः त्यात पडले. आगीचा उजेड पाहून हॅटफील्ड व हॅडली येथून मदत आली. पण हल्लेखोरांचा पाठलाग करताना कुरणात तिच्यातील व गावातील काही जण मारले गेले आणि मदतीचा उपयोग मर्यादितच झाला.

विल्यम्स कुटुंबाची दोन लहान मुले आणि त्यांच्या घरातील पार्थीना ही गुलाम स्त्री घराच्या दारातच मारली गेली. उरलेल्यांची कॅनडाकडे पायपीट सुरू झाली. काही आठवड्यांपूर्वीच बाळंत झालेल्या युनिस मॅथर विल्यम्स ग्रीन नदी ओलांडताना पाण्यात पडल्या, त्यांना पुढे चालवेना आणि त्यांना ठार करण्यात आले. त्याच घरातील फ्रँक नावाच्या गुलाम पुरुषालाही वाटेत मारले गेले. भर हिवाळ्यातील या प्रवासात सुमारे वीस कैद्यांचा अंत झाला. मुलांना मात्र अनेकदा खांद्यावर वा घसरगाडीवर वाहून नेण्यात आले, हे विल्यम्स यांनीच पुढे नमूद केले आहे.

युनिस विल्यम्स

कैद्यांच्या सुटकेसाठी जॉन शेल्डन यांनी १७०५ ते १७०७ या काळात तीनदा कॅनडाचा प्रवास केला. जॉन विल्यम्स १७०६ च्या अखेरीस परतले आणि त्यांनी कैदेच्या अनुभवांवर लिहिलेले ‘द रिडीम्ड कॅप्टिव्ह रिटर्निंग टू झायन’ हे पुस्तक १७०७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तकात सर्वांत भयंकर संकट म्हणून बर्फ वा उपासमारीपेक्षा कॅथलिक धर्म स्वीकारण्याचा दबाव पुढे येतो, यावरून त्या काळच्या प्युरिटन मनाची ठेवण लक्षात येते.

त्यांची मुलगी युनिस मात्र परतली नाही. पकडली गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. कानावाके येथील एका मोहॉक कुटुंबाने तिला दत्तक घेतले. तिचे इंग्रजी सुटले, तिचा कॅथलिक बाप्तिस्मा होऊन तिला मार्गरीत हे नाव मिळाले आणि १७१३ मध्ये तिने आरोसेन या मोहॉक तरुणाशी विवाह केला. पुढच्या वर्षी वडील स्वतः तिला भेटायला गेले असता तिने परत येण्यास नकार दिला. न्यू इंग्लंडमध्ये अनेक वर्षे तिच्यासाठी प्रार्थना होत राहिल्या. १७४० पासून ती पती व मुलांसह भाऊ स्टीफन यांच्या भेटीस काही वेळा आली, पण कायमची राहिली नाही. १७८५ मध्ये कानावाके येथेच तिचे निधन झाले. १८३७ मध्ये सेंट फ्रान्सिस नदीकाठच्या ओडानाक येथून आलेल्या व आपण युनिसचे वंशज आहोत असे सांगणाऱ्या अबेनाकींच्या एका गटाने डीअरफील्डमध्ये मुक्काम केला होता. इतिहासकार जॉन डीमॉस यांचे ‘द अनरिडीम्ड कॅप्टिव्ह’ (१९९४) हे पुस्तक युनिसच्या जीवनावर आधारलेले असून त्याचे शीर्षक वडिलांच्या पुस्तकाला उद्देशून आहे.

गुलामगिरी आणि ल्युसी टेरी

न्यू इंग्लंडमध्ये गुलामगिरी नव्हतीच असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. डीअरफील्डचा मुख्य रस्ता तो खोडून काढतो. अठराव्या शतकाच्या मध्यास येथील धर्मोपदेशक, वैद्य, दुकानदार व सधन शेतकरी यांच्या अनेक घरांत आफ्रिकी वंशाचे गुलाम होते.

एबेनेझर वेल्स यांच्या घरात राहणाऱ्या ल्युसी टेरी यांना लहानपणी आफ्रिकेतून आणण्यात आले होते. २५ ऑगस्ट १७४६ रोजी गावाजवळच्या कुरणात गवत कापणाऱ्या लोकांवर मूळनिवासींनी हल्ला केला. त्यावर त्यांनी ‘बार्स फाइट’ ही कविता रचली. अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या व्यक्तीची ही सर्वांत जुनी ज्ञात काव्यरचना मानली जाते. ती शंभर वर्षांहून अधिक काळ तोंडी परंपरेने टिकली व १८५० च्या दशकात छापली गेली. ल्युसी यांनी १७५६ मध्ये अबायजा प्रिन्स या मुक्त कृष्णवर्णीय व्यक्तीशी विवाह केला. पुढे हे कुटुंब व्हरमाँटमध्ये गेले आणि १८२१ मध्ये तेथे त्यांचे निधन झाले.

जॉन विल्यम्स यांच्यानंतरचे धर्मोपदेशक जोनाथन अ‍ॅशली यांनी १७४९ मध्ये गुलामांसमोर एक प्रवचन देऊन त्यांना आपल्या स्थितीत समाधान मानण्याचा उपदेश केला. त्यांच्याच घरातील जेनी या गुलाम स्त्रीची आठवण स्थानिक इतिहासकार जॉर्ज शेल्डन यांनी नोंदवून ठेवली आहे. मृत्यूनंतर आपण गिनीला, आपल्या मायदेशी परत जाऊ अशी तिची श्रद्धा होती. त्या प्रवासासाठी ती रंगीत चिंध्या, बटणे, मणी, शिंपले आणि वेगळ्या आकाराचे दगड आयुष्यभर जमवत राहिली. तिचा मुलगा केटो यानेही हीच सवय उचलली होती. शेल्डन यांनी ही हकिकत एक गमतीशीर आठवण म्हणून लिहिली. आज ती डीअरफील्डमधील गुलामगिरीविषयीच्या लेखनात वारंवार उद्धृत होते.

स्वातंत्र्ययुद्ध व नंतरचा काळ

स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात गाव दुभंगले होते. १७७४ मध्ये उभारण्यासाठी आणलेला ‘स्वातंत्र्यस्तंभ’ राजनिष्ठांनी रात्रीतून करवतीने कापला. दुसरा उभारण्यात आला. अ‍ॅशली हे इंग्लंडच्या राजाशी निष्ठ राहिले आणि त्यामुळे गावकऱ्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. दरम्यान मूळ डीअरफील्डमधून ग्रीनफील्ड (१७५३), कॉनवे (१७६७) व शेलबर्न (१७६८) ही नगरे वेगळी झाली. औद्योगिक क्रांती शेजारच्या गावांकडे वळली आणि डीअरफील्ड शेतीचेच गाव राहिले. बॉस्टनच्या बाजारासाठी बैल पुष्ट करणे हा येथील प्रमुख व्यवसाय होता, नंतर तंबाखू व कांद्याचे पीक महत्त्वाचे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या पोलिश स्थलांतरितांनी, विशेषतः साउथ डीअरफील्ड भागात, ही शेती पुढे नेली. जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा मुख्य रस्त्यावर फारसा आला नाही, हे ती टिकण्याचे एक साधे कारण आहे.

वारसा जतन

हल्ल्यातून वाचलेले शेल्डन यांचे घर ‘ओल्ड इंडियन हाउस’ या नावाने प्रसिद्ध होते. १८४८ मध्ये ते पाडले जाणार असे कळताच ते वाचवण्यासाठी लोकांना आवाहन करण्यात आले. पुरेसा निधी न जमल्याने ते पाडले गेले, तरी ऐतिहासिक घर वाचवण्यासाठी अमेरिकेत झालेल्या सुरुवातीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. कुऱ्हाडीचे घाव असलेले दार मात्र टिकले; काही काळ बॉस्टनला गेलेले हे दार १८६८ मध्ये गावात परत आले.

१८७० मध्ये जॉर्ज शेल्डन यांच्या पुढाकाराने ‘पोकमटक व्हॅली मेमोरियल असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली आणि १८८० मध्ये तिचे ‘मेमोरियल हॉल’ हे संग्रहालय खुले झाले. १८९० मध्ये सी. अ‍ॅलिस बेकर यांनी फ्रेरी हाउस या जुन्या घराची दुरुस्ती केली. १८९६ मध्ये मार्गारेट व्हायटिंग व एलन मिलर यांनी वसाहतकालीन नक्षींवर आधारित निळ्या-पांढऱ्या भरतकामाची संस्था सुरू केली. फ्रान्सिस व मेरी अ‍ॅलन या कर्णबधिर भगिनींनी त्याच काळात गावाची उत्तम छायाचित्रे टिपली. या पिढीच्या कामात स्त्रियांचा वाटा मोठा होता.

विसाव्या शतकात हेन्री व हेलन फ्लिंट या दांपत्याने घरे विकत घेऊन त्यांचा जीर्णोद्धार केला व १९५२ मध्ये एक प्रतिष्ठान स्थापन केले. त्याचेच पुढे ‘हिस्टॉरिक डीअरफील्ड’ असे नामकरण झाले. फ्लिंट यांनी छायाचित्रकार सॅम्युएल चेंबरलेन यांच्यासह त्याच वर्षी ‘फ्रंटियर ऑफ फ्रीडम’ हे पुस्तक काढले. शीतयुद्धाच्या ऐन भरात निघालेल्या या पुस्तकातील डीअरफील्ड हे शूर, धर्मशील व स्वातंत्र्यप्रेमी पूर्वजांचे गाव आहे. १९६० मध्ये ओल्ड डीअरफील्डला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

जुने शिलालेख व पुस्तके १७०४ च्या घटनेला ‘हत्याकांड’ म्हणत आणि मूळनिवासींसाठी ‘रानटी’ यांसारखे शब्द वापरत. पेस्किओमस्कट येथील कत्तलीला मात्र बराच काळ ‘लढाई’ म्हटले गेले. आता ‘छापा’ हा शब्द रूढ झाला आहे. २००४ मध्ये, घटनेस ३०० वर्षे पूर्ण होताना, मेमोरियल असोसिएशनने इंग्रज, फ्रेंच, अबेनाकी, ह्यूरन आणि मोहॉक अशा सर्व बाजूंनी घटना मांडणारे संकेतस्थळ तयार केले. अलीकडच्या वर्षांत मुख्य रस्त्यावर, जेथे गुलाम राहत होते त्या जागांसमोर, त्यांच्या नावांचे छोटे स्मृतिफलक जमिनीत बसवण्यात आले आहेत.

प्रेक्षणीय स्थळे

हिस्टॉरिक डीअरफीडच्या ताब्यातील घरे मार्गदर्शकासह वा स्वतंत्रपणे पाहता येतात. त्यांपैकी वेल्स-थॉर्न हाउस विशेष लक्षणीय आहे. ल्युसी टेरी यांच्या मालकाचे हे घर निळ्या रंगात रंगवलेले असून त्यातील खोल्या निरनिराळ्या काळांप्रमाणे सजवल्या आहेत, त्यामुळे घरातून फिरताना राहणीमान कसे बदलत गेले हे दिसते. अ‍ॅशली हाउसमध्ये धर्मोपदेशकाच्या घराची मांडणी पाहायला मिळते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या फ्लिंट सेंटरमध्ये जुनी वस्त्रे, चांदीची भांडी, लाकडी सामान इत्यादी संग्रह आहेत.

मेमोरियल हॉल संग्रहालयाची विटांची इमारत १७९८ सालची असून ती वास्तुरचनाकार अ‍ॅशर बेंजामिन यांनी डीअरफील्ड अकॅडमीसाठी बांधली होती. शेल्डन यांच्या घराचे ते दार येथे आहे. वेळ कमी असल्यास निदान एवढे तरी पाहावे. ओल्ड इंडियन हाउसची १९२९ मध्ये बांधलेली प्रतिकृतीही जवळच आहे. जुन्या दफनभूमीत १७०४ मधील मृतांचे सामूहिक थडगे गवताच्या उंचवट्याच्या रूपात दिसते. १८२४ सालचे विटांचे चर्च मुख्य रस्त्यावर आहे.

१७९७ मध्ये स्थापन झालेली डीअरफील्ड अकॅडमी ही निवासी शाळा याच रस्त्यावर आहे. फ्रँक बॉयडन हे १९०२ ते १९६८ अशी तब्बल ६६ वर्षे तिचे मुख्याध्यापक होते आणि जॉन मॅकफी यांनी त्यांच्यावर ‘द हेडमास्टर’ हे पुस्तक लिहिले आहे. शाळा चालू असल्याने रस्त्यावर विद्यार्थ्यांची वर्दळ असते आणि बरीचशी घरे आजही वापरात आहेत.

साउथ डीअरफील्डमध्ये ब्लडी ब्रुकचे स्मारक (१८३८), मॅजिक विंग्ज हे फुलपाखरांचे उद्यान आणि मेणबत्त्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या यांकी कँडल कंपनीचे मोठे दुकान आहे. माउंट शुगरलोफच्या माथ्यापर्यंत रस्ता जातो. तेथील मनोऱ्यावरून कनेटिकट नदी, तिच्या काठची शेते व पलीकडचे डोंगर यांचे विस्तृत दृश्य दिसते. ऑक्टोबर महिन्यात पानांचे रंग बदलतात तेव्हा येथे सर्वाधिक गर्दी असते.

दळणवळण

आंतरराज्य महामार्ग ९१ गावाजवळून जातो व अमेरिकी महामार्ग ५ ओल्ड डीअरफील्डला लागून आहे. सर्वांत जवळचे प्रवासी रेल्वे स्थानक ग्रीनफील्ड येथे असून मोठा विमानतळ कनेटिकट राज्यातील ब्रॅडली येथे आहे.